करवतीचा स्विच

शिवणकाम करणारी बाई इस्त्री दुरुस्त व्हायची वाट बघत दुकानातल्या बाकावर बसली होती. एक म्हातारा सुतार आत आला, तशी ती सरकून बसली. पण तो काउंटरपाशीच उभा राहिला.

"माझ्या करवतीच्या मशीनचा स्विच आला का रे?"

"नाही ना काका. मागूनच माल येत नाहीये."

"मागच्या खेपेलाही हेच म्हणालास. स्विच झिजलाय, बोट काढलं तरी पातं फिरतच राहतं, एवढंच तर दुखणं."

"जुनं मॉडेल आहे ना काका."

"मग तिथे फळीवर माझ्या मशीनशेजारी ठेवलाय तो कशाचा स्विच?"

दुकानदार फडक्याने काउंटर पुसू लागला.

"तुझी काकू येऊन गेली ना इथे?"

"शपथ घातली हो त्यांनी मला. म्हणाल्या, यांचा हात थरथरतो, मशीन घरी आलं तर माझ्या डोळ्याला डोळा लागायचा नाही."

"वाटलंच मला. मी घरी गेलो की विचारते, आला का स्विच? नाही म्हटलं की तिला बरं वाटतं."

"बसवून देऊ का? तुम्ही म्हणाल तसं."

म्हाताऱ्याने उजवा हात खिशात घातला. बाईने नजर दुसरीकडे वळवली.

"बसव. आणि कुणा चांगल्या सुताराला देऊन टाक. मशीन गुणी आहे."

"आणि काकूंना काय सांगू?"

"अजून आला नाही म्हणून सांग. मला काही कळलंय, हे तिला कळू देऊ नकोस."

"म्हणजे आता तुम्ही यायचे नाही इकडे?"

"येईन की. विचारायला आलो नाही, तर तिला संशय येईल."