वन्संचा दुसरा हिशेब

सोसायटीतले शेजारी, वन्संच्या संस्थेतून एवढ्या लांब जेसल पार्कला आलेली मंडळी, सगळ्यांना नमस्कार. मी मॅट्रिक झालेली बाई, माईकची सवय नाही. आणि खरं सांगते, माझं अर्धं लक्ष घरी आहे. घरी वन्संचं मशीन, म्हणजे त्यांचा काँप्युटर, अजून चालू आहे.

शुभदा माझी नणंद. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहिल्या. दिवसभर काँप्युटरवर अणूंचे हिशेब.

तुम्ही नेमकं करता काय, असं मी एकदा चटणी वाटता वाटता विचारलं. मिक्सर बंद केला, तो मंदावत गेला, आणि मध्येच मांडणीतली ताटं खणखणली. लगेच गप्पही झाली. त्या म्हणाल्या, हेच. मिक्सरचा सूर ताटांच्या सुराशी जुळला, तेवढ्यापुरती ती वाजली. लेझरचा जोरदार प्रकाश अणूवर पडला, की अणूतून कितीतरी वरच्या सुरांचा प्रकाश निघतो. त्यातला एखादा अणूच्या स्वतःच्या सुराशी जुळला, की तेवढाच एकदम वाढतो.

मी म्हटलं, जुळला म्हणूनच वाढला, हे कशावरून?

त्या हसल्या. "जमाखर्च लिहितेस ना, म्हणून सुचलं तुला. अगं वहिनी, हिशेब दोनदा करायचा. एकदा अणूचा सूर धरून, एकदा वगळून. वगळल्यावर जे कमी पडेल, ते त्याचं."

पहिला हिशेब झाला होता. दुसरा मशीनवर लावला आणि वन्संच्या छातीत कळ आली. रिक्षात बसताना म्हणाल्या, "मशीन बंद करू नकोस." एवढंच. परत आल्या नाहीत.

तेव्हापासून घरात चैन नाही. शेजारच्या भाभी सांगतात, "बंद कर दो, जीव अटकता है." हे म्हणतात, शुभाच नाही, आता कोणासाठी? आणि मी? रिकाम्या खोलीत साधा पंखा चालू राहिलेला मला खपत नाही. स्विचपर्यंत हात नेते, मागे घेते. पुन्हा नेते.

त्याच खोलीत त्यांच्यासाठी दिवा लावलाय. तो आपण मध्येच विझू देतो का? तेल घालतो. मग मी यांना सांगितलं, मशीनही चालू राहील. उत्तर येईल ते, कसंही असलं तरी, संस्थेतल्या या मंडळींच्या हातात देईन.

काल खोबरं वाटलं. ताटं खणखणली. मी वळून बघितलं. वन्संना वगळून घर चालवायचा हिशेब आता आमचाही सुरू झालाय. काय काय कमी पडतंय, रोज कळतंय.

आता सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू या. मग मला लगेच घरी जाऊ द्या.

वन्सं, मशीन चालू आहे. तुम्ही निवांत जा.