बांध न कोरणारा शेजारी

तुमचे आवडते गेम मोठ्या कंपन्यांचे असतील. माझा आवडता गेम शेतीचा, तो फिनलंडमधली एक बाई एकटीच बनवते. कोळवणच्या घरी आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, तो माझ्या लॅपटॉपवर पाहिला आणि ते भडकले.

"शेजारी बांध कोरत न्हाई? मग ही कसली शेती? लिव्ह तिला!"

मी गंमत म्हणून ईमेल टाकला. बाईंनी उलट विचारलं, "साधारण किती कोरतात?" अण्णांनी हाताची वीत दाखवली. महिन्याभरात अपडेट आलं. गेममधला शेजारी कुदळ घेऊन खरंच बांध कोरायला लागला आणि अण्णा त्याला शिव्या घालायला लागले.

तो आरडाओरडा ऐकून शेजारून काका आले. बांधावरूनच नऊ वर्षं दोघा भावांचं बोलणं बंद होतं. काका देवाची शपथ घेऊन सांगायचे, मी बांधाला हात लावलेला नाही. ते दारातूनच स्क्रीनकडे बघत राहिले. शेवटी त्यांना राहवेना.

"येडाच हाय ह्यो. असं दिवसाढवळ्या कुदळीनं कोरत्यात व्हय? नांगरताना दरसाली टीचभर आत सरकायचं. मी तसंच केलं."

अण्णा माझ्याकडे वळले.

"लिव्ह तिला. आन शेजाऱ्याला ह्याचंच नाव दे म्हणावं."