आधी पोचलेला भाऊ

लिंबायतच्या दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या गायत्रीच्या मागच्या बाकावर दोन म्हातारे बसले होते.

"शिमोनभाऊ, उद्या ऑपरेशन. भीती नाही वाटत?"

"नाही, शालिग्राम. याकोब गेला तेव्हा वाटली, त्याहून जास्त राग आला."

"धाकट्या भावाचा राग?"

"जन्मभर दारू प्यायला. शेवटच्या दिवशी येशूपुढे हात जोडले, तर पास्टर म्हणे, याचं तारण झालं, हा स्वर्गात गेला. मग इतकी वर्षं मी चर्चचा एक रविवार चुकवला नाही, ते कशाला?"

"बरोबरच आहे की."

"आता हातात घेऊन जायला काय आहे, बघितलं. माझेही हात रिकामेच. मलाही कृपेनंच घेणार येशू. उपकार त्याचे."

"म्हणजे याकोब भेटेल तिथं?"

गायत्रीचं नाव पुकारलं. पुढचं ऐकायचं म्हणून ती उठली नाही.

"दारातच उभा असेल. म्हणेल, दादा, किती उशीर केला."