बेगमसाहेबांचं पानदान

जुन्या बाजारातल्या वस्तू घ्यायचा तुम्हाला लई नाद हाय ना? मग चहा निवला तरी चालंल, पण हे ऐका.

निजामी नुकतीच गेली होती. उमरग्याच्या आठवडी बाजारात मोठमोठ्या घरांतल्या वस्तू गोणपाटावर येऊन बसल्या होत्या. तिथं एका म्हाताऱ्या खाँसाहेबांकडून म्या बिदरी पानदान घेतलं. काळंभोर, अन् त्यावर चांदीची बारीक वेल. देताना ते म्हणाले, "बेगम के मायके का है. एक दफा देखने को आएगी, चलेगा?"

म्या म्हणलं, "तुमचंच घर हाय. पुढच्या बाजारी घेऊन या."

घरी आईला सांगून ठेवलं, की पानदानाची मालकीण ते बघायला येणार हाय. त्या दिवशी दोघांना घेऊन आलो, तर आई दारातच हसत उभी. पाव्हणीला तिची वस्तू मळकी कशी दाखवायची, म्हणून तिनं सकाळपासून चिंच अन् राख लावून पानदान घासलं होतं. काळा रंग पार गेला होता. पांढुरक्या भांड्यावर चांदीची वेल शोधून सापडंना.

बेगमसाहेबांनी ते हातात घेतलं, फिरवून बघितलं अन् हळूच खाली ठेवलं.

"ये हमारा नै है, बेटा. हमारा काला था."

दोघं चहा न घेताच उठले.

ते वळणाआड गेल्यावर आई हरखून म्हणाली, "बघ रं! ओळखूसुद्धा आलं न्हाय, इतकं लख्ख निघालं!"