मागच्या सीटवरचे कान

"हे कानाचं यंत्र घातलं की हेल्मेट बसत नाही, कसंबसं बसवलं तर कानात शिट्टी!"

बल्गेरियातल्या प्लोवदिवच्या दवाखान्यात म्हातारा झाप्रियान बायकोपाशी कुरकुरला. ऐकलं सगळ्या खोलीने.

"दुसरं बघ," नेवेना म्हणाली.

"कशाला? मोटरसायकलवर तू असतेस ना मागे!"

शेजारच्या खुर्चीवरच्या रुम्यानाला राहवेना. "म्हणजे कसं, काका?"

"डावीकडून ट्रक आला की ही डाव्या गुडघ्याने दाबते, उजवीकडून आला की उजव्याने. मागून भोंगा वाजला, तर पाठीवर थाप."

"आणि तुम्हाला यंत्राशिवाय किती ऐकू येतं?"

"शून्य! नऊ वर्षं डोंगर ओलांडतोय. एकदाही चुकली नाही. पुढच्या महिन्यात समुद्र!"

रुम्याना नेवेनाच्या बारक्या गुडघ्यांकडे बघतच राहिली.

नेवेनाने त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"झाप्रियान, खुब्याच्या ऑपरेशननंतर मला मागे बसता येणार नाही. कधीच."