पाटीवरचं आडनाव

मुरबाडच्या स्टँडवर मी टोकावड्याच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर मावशी-भाची बोलत होत्या.

"संध्ये, सोडलीस ना गो नोकरी?"

"कालच सोडली, मावशी. उद्या आपली लाँड्री सुरू. मशिनी बसल्या, पाटी लागली. आता कोणाची चाकरी नको, आपलं आपण कमवायचं."

"मग आता घोर कसला?"

"कोण आलंच नाय तर?"

"लोकांचे कपडे मळायचे थांबलेत काय?"

"मळतात गो. पण जात कळल्यावर आपल्या हातचे धुतलेले घालतील?"

"म्हणून पाटीवर आडनाव नाय टाकलंस?"

"भ्या वाटलं."

"कल्याणच्या दवाखान्यात बारा वर्षं चादरी धुतल्यास. तवा कोणी विचारलं आडनाव?"

"तवा मी कोणाला दिसत नव्हते, मावशी."

"मग आता दिस. लाव पेंटरला फोन."

"तू बोल ना."

"दुकान माझं हाय काय?"

संध्याने फोन लावला.

"हॅलो, दादा... पाटीवर नाव टाकायचंय. संध्या... संध्या भालेराव. नाय, बारीक नको. आनि दादा, आजच या. उद्या माझी हिंमत ऱ्हायची नाय."