स्टॅम्प कापताना कुणी विचारलं नाही

...आणि मला म्हणते कशी, "मिसेस देवस्थळी, उद्या नोकरी मिळाली तर तुमच्या मुलाला कोण बघणार?" आता पोर माझं, नवरा माझा, शेजारीण माझी, आणि काळजी कुणाला, तर काचेपलीकडच्या त्या बाईला! तुम्हाला वाटेल मी पाळणाघरात उभी होते. नाही हो, बेकारभत्त्याच्या ऑफिसात. सत्त्याऐंशी सालची गोष्ट सांगतेय.

आमचं गाव इंग्लंडात, वॉटफर्डच्या पुढं, तिथं एक लेबलं छापायचा कारखाना होता, जॅमच्या बाटल्यांवरची लेबलं, मी तिथं पॅकिंगला. चार वर्षं. मग मालकांनी एक दिवस सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं, चहा दिला, बिस्किटं दिली, तेव्हाच मी ओळखलं, आजवर फुकट बिस्किट न देणारा माणूस आज ताट फिरवतोय म्हणजे काही खरं नाही. कारखाना बंद!

मी घरी येऊन म्हटलं, उद्या जाऊन भत्त्याचा अर्ज देते. तर आमचे हे... "अगं, डोलवर? सरकारी भत्त्यावर जगायचं? मंडळात कळलं तर लोक काय म्हणतील?" मंडळातले लोक! गणपतीची वर्गणी मागायला दारात उभं राहताना ह्यांना लाज वाटत नाही, आणि माझ्या हक्काचं मागायला लाज? अहो, भीक नाही मागत, दर आठवड्याला पगारातून स्टॅम्प कापलाय, म्हणजे ते नॅशनल इन्शुरन्स हो, नोकरी गेली की त्यातूनच भत्ता द्यायचा. छत्री आपण विकत घ्यायची, आणि पाऊस आला की उघडायला लाजायचं?

तर गेले. बाई पोरगेलीच होती, पण प्रश्न सासूसारखे. नोकरी तुम्ही सोडलीत का? मी म्हटलं, नोकरीनं मला सोडलं. तब्येत? ठणठणीत. काम शोधताय? शोधतेय. लगेच सुरू करता येईल? म्हटलं, आत्ता बोलावलं तरी पर्स हातातच आहे. सगळं कसं छान चाललेलं... आणि मग तो प्रश्न. मुलाला कोण बघणार?

आता आपण काय म्हणतो अशा वेळी? "होईल हो काहीतरी." म्हणतो की नाही? मी तेच म्हणाले, फक्त इंग्रजीत. "समथिंग विल हॅपन."

तिचं पेन थांबलं. "टू द चाइल्ड?"

आता काय सांगू तुम्हाला! मी म्हणतेय, नो नो, चाइल्ड इज फाइन, आणि ती माझ्याकडे बघतेय जणू मी यशोधनला ट्रेनमध्ये विसरून आलेय. तीन वर्षांचं पोर, खालच्या मजल्यावरच्या शांताबाईंकडे असतं, मी कारखान्यात असतानाही तिथंच असायचं, तिथंच जेवायचं, तिथंच झोपायचं, मला तर कधीकधी वाटायचं की आई म्हणून माझं नाव नुसतं जन्मदाखल्यावर आहे. मी हे सगळं सांगितलं. म्हणाली, "त्यांच्याकडून लिहून आणा." आणि माझ्या पुढं रांगेत एक बाप्या होता बरं का, तीन मुलांचा बाप, ओरडून सांगत होता तीन मुलं म्हणून, त्याला हा प्रश्न? छे! ती पान उलटून पुढं गेली. आणि माझा स्टॅम्प कापताना विचारलं होतं का कुणी, की बाई, पोराला कोण बघतंय? तेव्हा नाही विचारलं!

गेले शांताबाईंकडे. "शांताबाई, जरा दोन ओळी लिहून द्याल का, की यशोधनला तुम्ही सांभाळाल?" त्यांनी चष्मा काढला. "लिहून? सुप्रभा, पोराला वरणभात भरवायला मी लिहून देऊ? मी परकी का गं?" दोन दिवस अबोला. पोराला मात्र भरवत होत्या, माझ्याकडे पाठ करून.

आणि कागद नाही म्हणून निकाल काय आला? "नॉट अव्हेलेबल फॉर वर्क." मी! अंगात ताप असताना जिनं दांडी मारली नाही ती मी, कामाला उपलब्ध नाही! हे म्हणाले, "जाऊ दे ना, आपलं काय अडलंय." मी म्हटलं, अहो, तुमचं नसेल अडलं. माझं अडलंय. चार वर्षं मी कामाला गेले होते की फिरायला, ते त्यांनी ठरवायचं? मी अपील केलं.

ट्रिब्युनल म्हणजे काय, एक लांब टेबल आणि पलीकडे तिघं. मधले अध्यक्ष, पांढरे केस, फार सभ्य. सगळं वाचलं आणि सभ्यपणे तेच विचारलं, मुलाला कोण बघणार? माझं डोकंच फिरलं. म्हटलं, साहेब, तुम्हाला मुलं आहेत? म्हणाले, दोन. आत्ता त्यांना कोण बघतंय? "माय वाइफ, नॅचरली." आणि उद्या तुमच्या मिसेसना नोकरी लागली तर? त्यांनी पेन फिरवलं, छताकडे बघितलं आणि म्हणाले, "वेल... आय सपोज वी वुड मॅनेज समहाऊ."

म्हटलं, साहेब, मी हेच म्हणाले होते! ह्यालाच आम्ही मराठीत "होईल काहीतरी" म्हणतो. तुम्ही म्हटलं तर मॅनेजमेंट, मी म्हटलं तर अनअव्हेलेबल? आणि स्टॅम्प कापताना कुणी का नाही विचारलं? अध्यक्षांच्या शेजारी बसलेली बाई तोंडावर कागद धरून हसत होती. निकाल माझ्या बाजूनं, मागचा सगळा भत्ता मंजूर.

तुम्हाला सांगते, बसमध्ये मला बसवेना, अशी तरंगत घरी आले. शांताबाई लेकीकडे ग्लासगोला गेलेल्या, म्हणून ह्यांनी त्या दिवशी रजा घेऊन पोराला सांभाळलं होतं. दार उघडलं तर शर्टावर वरण, केसांत भात, चेहरा महिनाभर आजारी माणसाचा. "मिळाला?" म्हटलं, मिळाला! "शाबास! आता घरी निवांत बस."

म्हटलं, निवांत कशी बसू? कामाला उपलब्ध आहे मी, आता तसा निकालच आहे. परवा मुलाखत आहे माझी.

ह्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पोराकडे. "अगं पण... नोकरी मिळालीच, तर ह्याला कोण बघणार?"

या देशात सरकारच्या निकालावर अपील करता येतं हो. घरच्या निकालावर कुठं करायचं? पर्स ठेवली आणि कुकर लावला.